‘शमुवेल’ या नावाचा नेमका अर्थ कोणता धरावा?

प्रश्न (मूळअक्षर): बायबलमधील १ शमुवेल १:२० मध्ये हन्ना मुलाचे नाव शमुवेल ठेवते आणि ‘मी याला परमेश्वरापाशी मागून घेतले’ असे कारण सांगते. कोशांत मात्र या नावाचा अर्थ कुठे ‘देवाचे नाव’, तर कुठे ‘देवाने ऐकले’ असा दिलेला आढळतो. यांपैकी ग्राह्य कोणता?

उत्तर (आलेफ): ‘देवाने ऐकले’ हा अर्थ प्रथम बाजूला ठेवावा. ‘ऐकणे’ या अर्थाच्या हिब्रू धातूच्या शेवटी ‘आयिन’ हे अक्षर असते आणि ते शमुवेल या नावात नाही. ते इश्माएल या नावात आहे, म्हणूनच उत्पत्ती १६:११ मधील त्या नावाचे स्पष्टीकरण व्याकरणालाही धरून आहे. शमुवेलची फोड ‘शेम’ म्हणजे नाव आणि ‘एल’ म्हणजे देव अशी करतात. मधल्या उकारामुळे काही जण ‘एल हे त्याचे नाव’ असाही अर्थ लावतात.

मूळअक्षर: मग हन्नेचे वाक्य चुकीचे मानायचे का?

उत्तर (कोकणवाचक): मुळीच नाही. ‘मागणे’ या अर्थाच्या धातूतील शीन, आलेफ आणि लामेद ही तिन्ही अक्षरे शमुवेल या नावात त्याच क्रमाने आली आहेत, त्यामुळे हिब्रू ऐकणाऱ्याला तो नाद लगेच जाणवत असणार. हन्ना इथे मुलाच्या नावाची व्युत्पत्ती सांगत नाही, आपल्या प्रार्थनेची आठवण त्या नावात गुंफते. याच धातूपासून ‘शाऊल’, म्हणजे ‘मागितलेला’, हा शब्द होतो. १:२८ मध्ये तो शब्दशः आला आहे आणि इस्राएलचा पहिला राजा शौल याचे नावही तेच आहे. त्यावरून काही अभ्यासक ही जन्मकथा मूळची शौलाची मानतात. मला ते पटत नाही, कारण ८:१० मध्ये राजा ‘मागणाऱ्या’ लोकांसाठी हाच धातू पुन्हा योजला आहे, आणि त्यांना उत्तर देणारा शमुवेल हा स्वतःच मागून घेतलेला मुलगा आहे. कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजामध्ये या नावाचे ‘सामाजी’ झाले. तेथेही टिकला तो नादच.

आलेफ: मोशेचेही असेच आहे. निर्गम २:१० मध्ये फारोची, म्हणजे इजिप्तच्या राजाची, कन्या ते नाव ‘पाण्यातून बाहेर काढणे’ या हिब्रू क्रियापदाशी जोडते. पण थुटमोस या इजिप्शियन राजांच्या नावाच्या शेवटी दिसणारा, ‘जन्मलेला’ या अर्थाचा इजिप्शियन शब्दच बहुतेक अभ्यासक त्याचे मूळ मानतात.