नॉर्थ कॉनवेच्या आसपास पानगळीचे रंग: तुम्ही कुठे पाहिलेत, कधी पाहिलेत?

सप्टेंबर लागला की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न यायला लागतो, "रंग बघायला कधी जायचं?" आम्ही अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू हॅम्पशर राज्याच्या दक्षिण टोकाला राहतो. नॉर्थ कॉनवे ज्यात आहे ती व्हाइट माउंटन्सची डोंगररांग घरापासून दोन-अडीच तासांवर, त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी आपोआप माझ्यावर येते. माझं मत ठाम आहे: तारखेआधी उंची विचारा. नॉर्थ कॉनवे गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 160 मीटरवर सॉको नदीच्या खोऱ्यात आहे. तिथून तासाभराच्या आत कँकामॉगस रस्त्याच्या खिंडीत, म्हणजे सुमारे 870 मीटरवर पोचता येतं. वर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रंग चढतो, खाली गावात साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे ज्यांची सुट्टी आधीच ठरलेली आहे त्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. लवकर आलात तर वर चढा, उशीर झाला तर खाली उतरा.

अनुभव लिहिताना जागा, साधारण तारीख, सोबत कोण होतं (लहान मुलं, आईवडील, एकटे) आणि कोणती झाडं रंगली होती हे जरूर लिहा. पुढच्याला त्याचाच उपयोग होतो.

न्यू जर्सीहून, सासू-सासऱ्यांसोबत

आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे डोंगर चढायचा प्रश्नच नव्हता, आणि तरीही त्यांनी आमच्याइतकंच पाहिलं. कँकामॉगस रस्ता कॉनवे (नॉर्थ कॉनवेच्या दक्षिणेचं गाव) ते लिंकन साधारण 55 किलोमीटर आहे. वाटेत पेट्रोल पंप नाही, हॉटेल नाही, फोनला रेंज जवळपास नाही. टाकी कॉनवेतच भरा, नकाशा आधीच उतरवून घ्या आणि खाणं घरून न्या. आम्ही दशम्या, तिळाची चटणी आणि थर्मासमध्ये चहा नेला होता. खिंडीच्या आसपास रस्त्याकडेला दरी बघायला केलेल्या सज्जांवर, म्हणजे पेमिजवॉसेट आणि हँकॉकला, गाडी लावली की समोरच दरी. उतरून दहा पावलंही चालावं लागत नाही.

सकाळी लवकर कॉनवेकडून निघा. सूर्य पाठीशी राहतो आणि गाडी लावायला जागा मिळते. पहिला थांबा ऑल्बनीचा छत असलेला लाकडी पूल, 1858 सालचा, खाली स्विफ्ट नदी. पुढे लोअर फॉल्स आणि रॉकी गॉर्ज. सॅबडे धबधब्याला थोडं चालावं लागतं, तिथे मी मुलांना घेऊन गेले आणि आई-बाबा खाली बाकावर बसले. या ठिकाणी गाडी लावायचा जंगलखात्याचा दिवसाचा पास 5 डॉलरचा आहे. एकदा घेतला की दिवसभर चालतो.

दुसऱ्या दिवशी नॉर्थ कॉनवेच्या 1874 सालच्या स्टेशनवरून क्रॉफर्ड खिंडीकडे जाणारी गाडी घेतली. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेत. फ्रँकेन्स्टाइन नावाच्या उंच लोखंडी पुलावरून गाडी निघाली तेव्हा ते खिडकीपासून हलले नाहीत. हे नाव राक्षसाचं नाही बरं का, मुलांना आधीच सांगा. एकोणिसाव्या शतकातल्या एका चित्रकाराच्या नावावरून बाजूच्या कड्याला ते पडलंय. तिकिटं फार आधी काढावी लागतात.

बॉस्टनहून, विद्यार्थिनी

गाडी नाही म्हणून कुणी घरी बसू नये, यासाठी लिहितेय. बॉस्टनच्या साउथ स्टेशनवरून नॉर्थ कॉनवेला थेट बस आहे. मी आणि रूममेट एक मुक्काम करून आलो. गावातून पायी निघून सॉको नदी ओलांडली की तासाभरात एको लेक. तळ्याभोवतीची वाट सपाट आहे. पाण्याच्या कडेचे रेड मेपल सगळ्यांत आधी लाल होतात, त्यामुळे तळ्याच्या काठाला लाल किनार आणि वर डोंगरावर अजून हिरवं, असं दृश्य होतं. तिथूनच कथीड्रल लेजच्या माथ्यावर पायवाट जाते. माथ्यावर कुंपण घातलेला कडा आहे, समोर अख्खं खोरं. (गाडीवाल्यांसाठी वरपर्यंत डांबरी रस्ता आहे.) संध्याकाळी स्टेशनसमोरच्या बागेत बसून सफरचंदाच्या रसातले गरम डोनट खाल्ले. दालचिनी आणि साखर लावलेले, हातात धरवत नव्हते इतके गरम.

पुण्याहून, सध्या मुलाकडे मुक्काम

मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे, त्यामुळे थोडं झाडांबद्दल लिहिते.

पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, हिरव्याखाली दडलेला. दिवस लहान झाले की झाड हरितद्रव्य मोडतं आणि पानातलं नत्र खोडात ओढून घेतं, मग बर्च आणि ॲस्पेन पिवळे दिसू लागतात. लाल मात्र नव्याने तयार होतो. देठाच्या तळाशी बुचासारखा थर धरू लागतो, साखर पानातच अडकते, आणि ऊन असेल तर त्या साखरेपासून अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य बनतं. म्हणून स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गार, पण न गोठणाऱ्या रात्री मिळाल्या की त्या वर्षी लाल खुलतो. शुगर मेपलचं एकच झाड नीट पाहा: उन्हाकडची बाजू शेंदरी आणि सावलीतली पिवळी. मी मुलाला गाडी थांबवायला लावून हे दाखवलं.

आपल्याकडे सागाची पानगळ पाणी कमी पडू लागलं की होते, इथे थंडीची तयारी म्हणून. आणि आपल्याकडचा लाल बहुतेक कोवळ्या पालवीत दिसतो. फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीत कुसुंब पाहिला असेल त्याला मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. इथे तोच लाल पान जाता जाता येतो. इतकी वर्षं फळ्यावर ज्याची आकृती काढली, ते डोळ्यांसमोर डोंगरभर पसरलेलं पाहून मला भरून आलं.

कनेटिकटहून, डोंगर चढणारा

एकच डोंगर चढायचा असेल तर क्रॉफर्ड खिंडीतला माउंट विलर्ड चढा. एका बाजूने अडीच किलोमीटरच्या आसपास, चढ बेताचा, सात-आठ वर्षांची मुलं आरामात जातात. झाडांतून बाहेर पडलं की पायाखाली हिमनदीने कोरलेली रुंद दरी, मधून रस्ता, कडेने रूळ, दोन्ही उतार पिवळे-केशरी. खिंड उंचावर असल्याने इथे गावाच्या आधी जा. टोपी आणि जाड जॅकेट हवंच. माउंट वॉशिंग्टन 1,917 मीटर आहे. ऑक्टोबरात खाली रंग असताना त्याच्या माथ्यावर बर्फ पडलेला मी पाहिलाय.

शार्लटहून, निवृत्त बँक अधिकारी

आमचं कारण वेगळं होतं. क्रॉफर्ड खिंडीच्या पलीकडे ब्रेटन वुड्समध्ये 1902 साली सुरू झालेलं माउंट वॉशिंग्टन हॉटेल आहे. जुलै 1944 मध्ये 44 देशांची परिषद इथे भरली, जिच्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक उभी राहिली. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे ही जागा पाहायचीच होती. करारावर सह्या झाल्या ती खोली पाहिली आणि मग हॉटेलच्या लांबलचक व्हरांड्यात बसलो. समोर वॉशिंग्टनची रांग, खाली बर्चचा हळदी पट्टा, वर सुचिपर्णींचा काळसर हिरवा. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेला माणूस गुलाम देशाचा प्रतिनिधी म्हणून इथे येऊन आपल्या देशाची बाजू मांडत होता, हे तिथे बसून मी नातवाला सांगितलं. मराठी माणसाने रंग बघायला यावं आणि ही जागा चुकवावी, हे मला पटत नाही.

वूस्टरहून, फोटोंचा नाद असलेला

ढगाळ दिवस आला तर खोलीत बसू नका. ओल्या पानांचा रंग गडद येतो, खोडं काळी होतात, कॅमेऱ्याला पोलरायझर फिल्टर लावला की पानांवरची चकाकीही जाते. पहाटे शकोरुआ तळं, कॉनवेच्या दक्षिणेला रस्ता 16 वर. वारा उठायच्या आत पोचलात तर डोंगराचा टोकदार माथा पाण्यात जसाच्या तसा. दुपारी बेअर नॉच रोड: कँकामॉगसवरून बार्टलेटला उतरणारा वळणांचा अरुंद रस्ता, गर्दी बरीच कमी.

धागाकर्ता

शार्लटचे काका, इतक्या वेळा त्या हॉटेलवरून गेलो, पण देशमुखांचा धागा ठाऊक नव्हता. या वेळी थांबणार.

गर्दीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी सुट्टी असते. त्या शनिवार-रविवारी रस्ता 16 वर गावातून गाड्या अक्षरशः सरकत असतात. कॉनवेहून नदीपलीकडचा वेस्ट साइड रोड घ्या; शेतं, जुनी कोठारं आणि मागे कडे, शिवाय वेळही वाचतो. जमल्यास मंगळवार-बुधवार गाठा.

टोरांटोहून

आम्हाला ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याशिवाय सुट्टी नाही. काही उरतं का?

धागाकर्ता

मेपल उघडे झालेले असतील, ती आशा ठेवू नका. पण ताई, त्या आठवड्यात टॅमरॅक सोनेरी होतो. सुईसारखी पानं असूनही पानगळ करणारं झाड, दलदलीच्या कडेला शोधा. खालच्या भागात ओक तांबूस असतो आणि बीचची पानं तर फांदीवरच तपकिरी होऊन टिकतात. राहायच्या जागा तेव्हा बऱ्याच मोकळ्या असतात. कॉनवेच्या दक्षिणेला मुक्काम करा, आणि येऊन गेल्यावर कुठे काय दिसलं ते इथे लिहा; त्या आठवड्याबद्दल लिहिणारं अजून कुणी आलेलं नाही.