'ॲनिमल फार्म' संपल्यावर पोरगं म्हणालं, "मग जोन्सच बरा होता की सर" – आता काय सांगू?

खानापूरचा_मास्तर
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलात समाजविज्ञान शिकवतो, नववीचा वर्ग. रशियन क्रांती म्हटली की पोरं झार, लेनिन, १९१७ एवढं पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि विसरून जातात. म्हणून यंदा शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला जॉर्ज ऑर्वेलची 'ॲनिमल फार्म' वाचून दाखवायला लागलो (शेतावरची जनावरं दारुड्या मालकाला, जोन्सला, हाकलून देतात आणि मग डुकरंच मालक होऊन बसतात ती रशियन क्रांतीवरची गोष्ट), मराठीतनं, आणि अवघड येईल तिथं सरळ आपल्या बोलीत सांगत.

पोरं इतकी रंगली की शनिवारची गैरहजेरीच बंद झाली. बहुतेकांच्या घरी गोठा आहे, त्यामुळं भुकेली जनावरं कोठाराचं दार मोडतात हे त्यांना समजावून सांगायला लागलं नाही. बॉक्सर घोडा कामानं खचतो आणि त्याला दवाखान्यात न्यायचं म्हणून खाटकाची गाडी येते, गाडीवरची अक्षरं गाढव मोठ्यानं वाचतं, त्या पानाला वर्गात चिडीचूप. म्हातारा बैल बाजारात न्यायच्या सकाळी घरात कोण कोणाशी बोलत नाही हे या पोरांनी बघितलेलं आहे.

आता अडचण सांगतो. शेवटी डुकरं आणि माणसं एका टेबलावर पत्ते खेळतात तो भाग संपला आणि मागच्या बाकावरचा एक शांत पोरगा उठून म्हणाला, "मग जोन्सच बरा होता की सर, उगाच एवढी मेली." निम्म्या वर्गानं मान हलवली. मला पटकन काही सुचलं नाही, पुढच्या शनिवारी बोलूया म्हणालो. त्यातनं माझ्या हातनं आणखी एक झालंय. नेपोलियन हा पुढारी डुक्कर म्हणजे स्टालिन, त्यानं हाकललेला स्नोबॉल म्हणजे लेनिनचा साथीदार ट्रॉट्स्की, उठावाचं स्वप्न सांगणारा म्हातारा मेजर म्हणजे मार्क्स असा तक्ता मी फळ्यावर लिहून दिला आणि पोरांनी तोही पाठ केला! म्हणजे जिथनं निघालो तिथंच परत. कोणी असं शिकवलंय काय? त्या पोराला मी काय सांगू?

निपाणीकर_गुरुजी
मास्तर, पहिल्यांदा तो तक्ता पुसा. तक्ता दिला की गोष्ट मरते, उरतात जोड्या लावा.

मी रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण दोन वर्गांना हे पुस्तक शिकवलंय, काय केलं ते सांगतो. गोष्टीत जनावरं भिंतीवर लिहितात आणि डुकरं मागनं गुपचूप बदलतात ते सात नियम मी फळ्याच्या डाव्या कडेला खडूनं लिहिले आणि पुसू नका म्हणून सांगितलं. मग पुस्तक जसं पुढं सरकेल तसा शाळा सुटल्यावर गुपचूप एकेक नियम बदलायचा. 'कोणीही पलंगावर झोपणार नाही' याच्यापुढं 'चादर घालून' एवढंच वाढवलं. दुसऱ्या दिवशी चार-पाच जणांना खटकलं, पण बोललं कोण नाही. तीन दिवसांनी दारूच्या नियमाला 'प्रमाणाबाहेर' जोडलं. तेव्हा एक मुलगी उठली, तिनं पहिल्या दिवशी सगळे नियम वहीत उतरवून घेतले होते, म्हणाली गुरुजी हे असं नव्हतं. मी आवाज चढवून म्हणालो, तुझ्या वहीत चुकलंय. आणि काय सांगू, पाच मिनिटांत वर्ग फिरला. नाही गं, आधीपासनं असंच होतं, म्हणायला लागले. दोघा-तिघांनी खोडरबर घेऊन आपापल्या वह्या दुरुस्त केल्या, कोणी न सांगता. मुलीचे डोळे भरून आले पण तिनं वही काही दिली नाही. मी तिथंच थांबलो, सगळ्यांपुढं तिची माफी मागितली आणि मग रशियाचा धडा घेतला.

१९२० सालचा मॉस्कोतला फोटो आहे, लेनिन लाकडी व्यासपीठावरनं भाषण करतोय आणि बाजूच्या पायऱ्यांवर ट्रॉट्स्की उभा आहे. पुढं स्टालिनच्या राज्यात तोच फोटो छापला तेव्हा नुसत्या पायऱ्या राहिल्या, माणूस गायब. ट्रॉट्स्कीला १९२९ ला देशाबाहेर काढलं, १९४० ला मेक्सिकोत त्याचा खून केला. हे मी नुसतं सांगितलं असतं तर पोरांनी सन लिहून घेतले असते. वहीची गोष्ट झाल्यावर सांगितलं तर एकानं विचारलं, गुरुजी, मग जुना फोटो कोणीतरी जपून ठेवला असणार की? इतिहासाचं साधन म्हणजे काय हे त्या वर्गाला मला परत कधी शिकवावं लागलं नाही.

तुमच्या त्या पोराच्या प्रश्नावर नंतर लिहितो, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, जास्त वेळ मोबाईल बघायचा नाही म्हणालेत.

राज्यशास्त्र_टिळकवाडी
गुरुजींचा प्रयोग मी कॉलेजच्या मुलांवर करून बघणार आहे. पण मास्तर, एक काळजी वाटते म्हणून लिहितोय. गोष्ट म्हणजे इतिहास नव्हे, हे मुलांना स्वच्छ सांगायलाच पाहिजे.

कोंबड्यांचंच घ्या. अंडी विकायला द्यायची नाहीत म्हणून त्या माळ्यावर चढून बसतात, नेपोलियन त्यांचा दाणा बंद करतो, पाच दिवसांत नऊ कोंबड्या मरतात. हा इशारा आहे स्टालिनच्या सक्तीच्या सामूहिक शेतीकडं, म्हणजे शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून धान्य सरकारनं घ्यायचं. पण खऱ्या इतिहासात १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेनमध्ये, कझाकस्तानमध्ये लाखो माणसं गेली, ज्यांनी धान्य पिकवलं तीच उपाशी मेली. नऊ कोंबड्या वाचून मुलाला वाईट वाटतं, लाखांचा आकडा वाचून काहीच वाटत नाही, म्हणून कोंबड्या लागतातच, मान्य आहे. पण त्याच तासाला तो आकडाही सांगा, नाहीतर एवढा मोठा अन्याय अंगणातल्या भांडणाएवढा होऊन बसतो. दुसरं म्हणजे लेनिनची जागा या गोष्टीत जवळजवळ मोकळी आहे. मेजर उठावाच्या आधीच मरतो, त्यामुळं १९१७ ते १९२४ मध्ये जे बरंवाईट घडलं ते कोणाच्या नावावर टाकायचं हा प्रश्नच गोष्टीत येत नाही. पहिलं महायुद्धही नाही, आणि ते काढलं तर झार का पडला हेच कळत नाही.

आणि 'जोन्सच बरा होता' याचं उत्तर तिथंच आहे बघा. पोरांना जोन्स दारुडा म्हणून माहीत आहे, झार माहीत नाही. १९०५ च्या जानेवारीत पीटर्सबर्गला कामगार बायकापोरांसह झारचा फोटो हातात धरून अर्ज द्यायला गेले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या हे सांगा. १९१७ ची सुरुवात भाकरीसाठी रस्त्यावर उतरलेल्या बायकांनी केली, हे सांगा. मग विचारा, हे बरं होतं काय?

ऑर्वेल स्वतः समाजवादी होता, स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढताना १९३७ ला त्याच्या गळ्यातनं गोळी आरपार गेली. गरिबानं उठू नये असं सांगायला त्यानं हे लिहिलेलं नाही. त्यानं एका अमेरिकन संपादकाला पत्रातनं कळवलं होतं की गोष्टीचं वळण दूध आणि सफरचंदं डुकरांनी स्वतःकडं ठेवली तिथं आहे, त्याच वेळी बाकीच्यांनी अडवलं असतं तर ठीक झालं असतं. शेवटच्या पानावर प्रश्न सोडवायला जाऊ नका, दुधाच्या बादल्यांकडं परत जा.

वडगावची_आई
मी काही शिक्षिका नाही, पण माझ्या मुलाच्या शाळेतही एका सरांनी हे पुस्तक वाचून दाखवलंय म्हणून लिहिते. आमच्या गल्लीत घरोघरी माग, माझा भाऊ दुसऱ्याच्या पॉवरलूमवर जातो, सकाळी गेला की रात्रीच येतो. मुलगा एकदा जेवताना त्याच्याकडं बघत बसला आणि मला हळूच म्हणाला, आई, मामा बॉक्सरसारखा आहे गं, सारखं म्हणतो अजून थोडं जास्त करतो. मला घास गिळवेना. पुस्तक वाईट असं मी म्हणणारच नाही.

पण सर एक विनंती आहे. आपल्याकडं भाषेवरनं, पाट्यांवरनं, निवडणुकीवरनं वातावरण कधी तापेल सांगता येत नाही. पोरं लगेच नावं चिकटवतात, हा नेपोलियन, तो स्क्वीलर (नेपोलियनची बाजू पटवून देणारा डुक्कर), आणि समोरची सगळी मेंढरं. माझ्या मुलाचा जवळचा मित्र कानडी आहे, दोघं एकाच ग्राऊंडवर खेळतात, त्याला मेंढरू म्हटलं तर मला चालणार नाही. वर्गात आज हयात असलेल्या पुढाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घ्यायचंच असेल तर स्वतःच्या बाजूच्या माणसाकडं बघून विचार करायचा, एवढं पहिल्या दिवशी सांगा.

नाटकवेडा_शहापूर
अक्कांचं बरोबर आहे, पण रूपक हा प्रकार मुळात नाव घेता येत नाही म्हणूनच जन्माला येतो की! मास्तर, परदेशी पुस्तकाच्या जोडीला आपलं एक घ्या, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध'. १९०७ चं नाटक. वरनं बघितलं तर महाभारत, पण प्रेक्षकांना बरोबर कळायचं की माजलेला कीचक म्हणजे बंगालची फाळणी करणारा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, छळ सोसणारी द्रौपदी म्हणजे देश, सबुरी धर म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. बंगालची फाळणी १९०५, सुरतेला काँग्रेस फुटली १९०७ च्या शेवटी, तो सगळा काळ त्या एका नाटकात दिसतो. सरकारलाही कळलं, १९१० ला बंदी घातली. कीचकाला मारलं म्हणून महाभारतावर बंदी येत नाही, मग या नाटकावर का आली, एवढा एक प्रश्न विचारा, जहाल-मवाळ हा धडा पोरं स्वतः सांगतील.

शिवाय हा इतिहास आपल्या पायाखालचा आहे. टिळकांनी स्वराज्य मागणारी होमरूल लीग १९१६ ला बेळगावातच काढली. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकदाच, १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात, टिळकवाडीत त्या वेळची विहीर अजून आहे. एक दिवस पोरांना तिथं नेऊन आणा.

आणि ऑर्वेलच्या पुस्तकालाही महायुद्धाच्या काळात प्रकाशक मिळेना, रशिया दोस्त देश होता म्हणून. छापलं ते ऑगस्ट १९४५ ला. हेही सांगा, म्हणजे इंग्लंडात सगळं मोकळं होतं असं पोरांना वाटायला नको.

निपाणीकर_गुरुजी
मुलगी टाईप करून देतेय, म्हणून थोडक्यात. आमच्या वर्गातही एकानं असंच विचारलं होतं, उठून काय मिळतं? मी म्हटलं घरी जाऊन आजोबांना १९८१ च्या तंबाखूच्या आंदोलनाचं विचार. निपाणीत तेव्हा गोळीबार होऊन शेतकरी मेले, घराघरात आठवण आहे. आणि आज्जीला विड्यांच्या मजुरीचं विचार. पोरं वेगवेगळी उत्तरं घेऊन आली. कोणी म्हणालं भाव मिळाला, कोणी म्हणालं नुसती डोकी फुटली, एकीची आज्जी म्हणाली, मुकादम तोंडावर बंडल फेकायचा तो फेकायचा बंद झाला. मी कुठलंच खोडलं नाही, सगळी फळ्यावर लिहिली.

खानापूरचा_मास्तर
सगळ्यांचे मनापासनं आभार. कालच्या शनिवारचं सांगतो.

तक्ता पुसला. अक्कांचा नियम आधी सांगितला, हयात पुढाऱ्याचं नाव नाही आणि बोट आधी आपल्याकडं. १९०५ चा गोळीबार सांगितला, मग दुधाच्या बादल्यांचं पान परत वाचलं आणि विचारलं, हे कुठं थांबवता आलं असतं? हात वर यायला लागले. दूध गेलं तिथं. नाही सर, रविवारच्या सभा बंद केल्या तिथं. एक मुलगी म्हणाली, कोंबड्या बरोबर होत्या, बाकीची नुसती बघत बसली. मागच्या बाकावरचा तो पोरगा बराच वेळ गप्प होता. जोन्स बरा होता असं परत म्हणाला नाही, पण म्हणाला, "गाढवाला पहिल्यापासनं वाचायला येत होतं की सर. मग त्यानं भिंतीवरचं आधीच का नाही वाचून दाखवलं?"

तेवढ्यात घंटा झाली, पण कोण उठेना. पुढचा शनिवार त्याच्यावरच घेतोय. आणि गुरुजी, आठवीच्या फळ्याच्या डाव्या कडेला उद्यापासनं सात नियम लिहितोय, हेडमास्तरांना तेवढं आधी कानावर घातलंय.