ऐकलेली पुस्तकं आणि वाचणारे आवाज : तुमचे अनुभव लिहा

शेवंता_कोल्हापूर

घराला रंग काढायचा म्हणून परवा माळा रिकामा केला. फुटके आकाशकंदील, भावाचे स्केटिंगचे बूट, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कॅसेटी. एकीवर बाबांच्या अक्षरात ‘अण्णा, पोथी, श्रावण ८९’. अण्णा म्हणजे माझे आजोबा. श्रावणात ते पांडवप्रताप लावायचे. सोप्यात आठ-दहा बायका वाती वळत बसलेल्या, आम्ही पोरं खांबाला टेकून. ओव्या ते चालीत म्हणायचे आणि अर्थ मात्र साध्या कोल्हापुरीत सांगायचे. भीम चिडला की आवाज चढवायचे नाहीत, उलट उतरवायचे. सगळ्या बायकांचे हात थांबायचे. नेमक्या त्याच जागी पोथी बांधायची आणि “उरलेलं उद्या.”

गेली चार वर्षं मी रोज ऑडिओबुक ऐकते. भाजी निवडताना, इस्त्री करताना, बसमध्ये. डबा हातात धरल्यावर लक्षात आलं की मी सगळ्या वाचणाऱ्यांना अण्णांच्या मापाने मोजतेय. म्हणून मला ते पात्राच्या आधी रडणारे सोसत नाहीत. तूच रडलास तर मी काय करू बाबा? पुरुषांनी बायकांचे संवाद चिरक्या आवाजात म्हणायचे, तेही नको. मागे बासरी तर नकोच नको. मला आवडतो तो आवाज जो पहिली दहा मिनिटं जाणवतो आणि मग विसरायला होतो.

कॅसेट वाजवायला घरात काहीच नाही. ते असो. तुम्ही काय ऐकता, कोणाचा आवाज लागतो, कोणाचा सहन होत नाही, लिहा.

बोरूबहाद्दर

पहिला! बासरीबद्दल प्रचंड अनुमोदन. एका रहस्यकथेत दर वेळी दार वाजलं की तबला. शेवटी दार वाजायच्या आधीच कळायचं.

मंजू_ठाणे

कुकर होईपर्यंत लिहिते. मी झोपताना लावते, २० मिनिटांचा टायमर. सहाव्या मिनिटाला मी गार. एकच कादंबरी दीड वर्ष चालू आहे. खून कोणी केला माहीत नाही पण वाड्याचं वर्णन तोंडपाठ आहे. शिट्टी झाली, आले.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडची एक कादंबरी आयकली. वाचणारा तिकडला पुण्याकडचा असंन. ‘काहून’ असा म्हणे का जसा दाताखाली खडा आला. अन् ‘बाप्पा’ इतकं सावकाश का मले वाटलं देवाले हाक मारून राहिला. आमचं बोलणं नसंन येत तर सरळ आपल्या आवाजात वाच ना भाऊ. सोंग कायले?

कणकवलीकर

वऱ्हाडी, तुमका निदान खडो. मालवणी म्हणजे नाकात बोलणं अशी कोणीतरी या लोकांची समजूत करून दिली आहे. माझ्या आयेने दोन मिनिटां ऐकल्यान आणि म्हणाली, ह्येका सर्दी झाली हा, काढो दी.

मंजू_ठाणे

कणकवलीकर 😂😂

अक्षरशत्रू

ऐकणं म्हणजे वाचन नव्हे हे माझं स्पष्ट मत. पुस्तक हातात घ्यायला लागतं. कानात नळ्या घालून भांडी घासत ‘मी ४० पुस्तकं वाचली’ म्हणणाऱ्यांची गंमत वाटते.

दिगूकाका

अक्षरशत्रू, ज्ञानेश्वरी आधी सांगितली गेली. श्रोते समोर बसले होते आणि सच्चिदानंदबाबा ‘लेखकु जाहला’. शिवाय भांडी घासायला तुम्ही येणार असाल तर आमची ही पुस्तक हातात घेऊन वाचायला तयार आहे.

अक्षरशत्रू

काका, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा. 🙏

झारा_आणि_कढई

मी दोन वर्षं वाचायचं काम करते, म्हणून पलीकडची बाजू. पहिलं पुस्तक घरी कपड्यांच्या कपाटात बसून केलं, मागे रजया लावून. मे महिना. पंखा बंद, कारण माइकला पंखा ऐकू येतो. पोटात गुरगुरलेलंही ऐकू येतं, म्हणून उपाशी बसायचं नाही आणि भरपेटही नाही. तोंड चिकट झालं की चटचट आवाज येतात, त्यावर हिरवं सफरचंद खातात. तासाभराची तयार फीत हवी तर माझे चार तास जातात, चुका दुरुस्त करण्यासकट.

आणि सगळ्यात घाबरवणारी अक्षरं च आणि ज! लिहिताना एकच, बोलताना दोन. ‘त्याची जात’ आणि ‘तो जात होता’. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगून दाखव. एका गंभीर प्रसंगात बाप मुलाला म्हणतो, “तू जग.” मी नजरचुकीने दुनियेतलं ‘जग’ वाचलं. ध्वनिमुद्रकाने काचेपलीकडून विचारलं, पाण्याचा जग हवाय का मॅडम?

पात्राच्या आधी रडण्याबद्दल: खरं आहे. पण कधी कधी खरंच रडू येतं हो. मी तीनदा थांबले होते एका पानावर.

शेवंता_कोल्हापूर

झारा, खरं रडणं ऐकू येतं आणि चालतं. तुम्ही लिहा अजून. काय काय खाता ते पण.

सातारी_कंदी

कंप्युटरचा आवाज ऐकलाय का कुणी? मी नोकरीच्या परीक्षेची पुस्तकं त्याला वाचायला लावतो. ‘ज्ञान’चं ‘ग्यान’ करतंय, ‘चमचा’ हिंदीतला. ‘इ. स.’ला ‘इस’ म्हणतंय. १९४२ चं ‘एक हजार नऊशे बेचाळीस’. पण न कंटाळता पहाटे पाचला वाचायला बसतंय, घरात दुसरं कोण बसतंय?

निशिगंध_

मी पूर्ण दृष्टिहीन आहे. हा धागा फोन मला वाचून दाखवतोय, तुमच्यापैकी कुणालाही कळणार नाही एवढ्या वेगात. त्यामुळे माझं मत उलटं आहे. मला सपाट आवाज चालतो. अभ्यासाला, बातम्यांना, बँकेच्या कागदांना अभिनय नकोच.

पण कॉलेजला होते तेव्हा हे काही नव्हतं. एक काकू आमच्यासाठी बी. ए.ची पुस्तकं कॅसेटवर वाचून द्यायच्या. ओळखीच्या ना पाळखीच्या. स्वयंपाक करता करता वाचत असणार, कारण फ्रेंच राज्यक्रांतीत दोन शिट्ट्या आहेत. पान क्रमांक सांगायच्या, नकाशा आला तर “इथे नकाशा आहे, डावीकडे समुद्र” असं सांगायच्या. एकदा मध्येच, “हे वाक्य मलाही समजलं नाही गं, पुन्हा वाचते.” तेवढ्या एका वाक्यावर मी ती परीक्षा पास झाले असं वाटतं.

जाता जाता, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात आमच्यासाठी पुस्तकांच्या अशा प्रती करायला मुभा आहे. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. त्याआधी एकेक पुस्तक मागून, टेप कुरिअरने, परत पाठवायची तारीख चुकवायची नाही.

मंजू_ठाणे

निशिगंध ❤️ त्या काकू नंतर भेटल्या का?

निशिगंध_

एकदा. बसस्टॉपवर मागून कोणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. आवाज ओळखला. माझ्या इतिहासाच्या आवाजाला भांडताना ऐकून फार हसू आलं.

बोरूबहाद्दर

आमच्याकडे पुलं. दुसरं कोणीच चालत नाही. आता पुस्तक उघडलं तरी डोक्यात त्यांचाच आवाज, त्यांच्याच जागेवर थांबणं. म्हणजे मला ते वाचताच येत नाहीत, फक्त आठवता येतात. आणि विनोदी पुस्तक वाचणारा प्रत्येक नवा माणूस तसाच खर्ज लावतो. अरे, तो त्यांचा होता!

दिगूकाका

आमच्या गावात गणपतीत कथाकथन व्हायचं. शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर हे तिघं गावोगाव हिंडायचे तो काळ. मी हाफ चड्डीत. पाटलांची गोष्ट संपली तरी मागची माणसं हसत होती कारण पुढच्यांचं हसणं त्यांना उशिरा पोचलं. माइक एकच होता. ऑडिओबुकात ते मिळत नाही, एकट्यानं हसायचं. बायको विचारते काय झालं, सांगायला गेलं तर गंमत जाते.

रानजाई

कोणी ‘मृत्युंजय’ ऐकलंय का? त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सहाजण आपापलं सांगतात. मला वाटतं तिथे सहा आवाज हवेत. नवरा म्हणतो एकानेच वाचावं, नाहीतर नाटक होतं. लग्नाला १६ वर्षं झाली, भांडायला नवीन विषय मिळाला.

झारा_आणि_कढई

रानजाई, नवऱ्याच्या बाजूने. एकच माणूस, सूर थोडाथोडा बदलत. पण त्याला कुंती जमली पाहिजे, आणि चिरकी नाही.

एडिसन_एनजे

इथे कामावर जायला-यायला दीड तास, त्यामुळे कानच वाचतात. मुलगी ‘हॅरी पॉटर’ अमेरिकन आवृत्तीत जिम डेलकडून ऐकत मोठी झाली. लंडनची आतेबहीण स्टीफन फ्रायकडून. गेल्या मे महिन्यात दोघी डोंबिवलीत आजीकडे भेटल्या आणि खरा डंबलडोर कसा बोलतो यावरून दोन दिवस अबोला! आजीने मिटवलं. म्हणाली तिसरा मी वाचते. अर्धं पान मराठीत करून सांगितलं. आता दोघी व्हिडिओ कॉलवर आजीकडे उरलेलं मागतात आणि आईचं म्हणणं, बाळ, त्यात नावं फार आहेत.

सातारी_कंदी

आजी १, बाकी ०

फुलवात

आवाजावरून आठवलं. सकाळी सात वाजून पाच मिनिटं, आकाशवाणी पुणे, सुधा नरवणे आणि प्रादेशिक बातम्या. त्या सुरू झाल्या की आई ओरडायची, वेणी झाली का? माझ्या डोक्यात मुख्यमंत्री बदलले म्हणजे रिबीन घट्ट बांधणं.

दिगूकाका

माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे त्यांचेच चिरंजीव.

फुलवात

काय सांगता! इतकी वर्षं ऐकलं आणि हे आज कळतंय. आईला फोन करते.

मंजू_ठाणे

मुंबई आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिका असायची ना? त्यातले टेकाडे भावजी? आमच्या चाळीत एकदम सगळ्या घरांतून ऐकू यायचं. जिन्यातून वर येताना एक वाक्य चुकायचं नाही.

बोरूबहाद्दर

धागा आकाशवाणीवर गेला. गेला तर जाऊ दे. शेवंताताई, कॅसेटचं काय झालं?

सातारी_कंदी

डेक माझ्याकडे आहे ओ ताई. पण लावायच्या आधी पेन्सिलीनं एकदा पुढं-मागं फिरवून घ्या. इतकी वर्षं पडलेली फीत चिकटत्या.

शेवंता_कोल्हापूर

सगळ्यांचं वाचतेय, रंगारी घरात असल्याने उशीर. कॅसेट वाजली! शाहूपुरीत एक जुने रेडिओ दुरुस्त करणारे आहेत, त्यांनी दुकानातच लावली. आधी खरखर, मग अण्णा: “तो पंखा बंद करा. आणि बाळ्या, बटण दाबलंस का नीट?” बाळ्या म्हणजे माझे बाबा, तेव्हा चाळिशीचे. मग ओवी. मला वाटलं होतं त्याहून आवाज बारीक निघाला. माझ्या डोक्यात ते भारदस्त होते. मध्ये कोणीतरी वाटी पाडली. एक बाई “अगं बाई” म्हणाली, ती कोण ते ओळखू येत नाही, आत्याला पाठवलंय.

भीम चिडतो तिथपर्यंत आलं. आवाज उतरला. मी काउंटरला धरून उभी. आणि ओवीच्या मधोमध खट्ट, आणि सिनेमाची गाणी सुरू. रेडिओवरून भरलेली, पुढची दीड बाजू. एकूण अकरा मिनिटं अण्णा. बाकी सगळं दादाने भरलंय, त्याचं कॉलेजचं पहिलं वर्ष.

दिगूकाका

बाबांनी मागच्या खाचा मोडल्या नव्हत्या का? त्या मोडल्या की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही.

शेवंता_कोल्हापूर

मोडल्या होत्या. त्यावर सेलोटेप आहे.

सातारी_कंदी

आईशप्पथ. आम्ही पण हेच केलंय. वडलांच्या भजनावर.

निशिगंध_

ती अकरा मिनिटं इथे ऐकवता आली तर? वाटीसकट.

शेवंता_कोल्हापूर

आत्याला विचारते.

मंजू_ठाणे

आणि गाणी कुठली होती??

शेवंता_कोल्हापूर

नाही सांगत. दादा हा धागा वाचतोय.