मदत हवी आहे: तीन देशांतल्या तीन मैत्रिणी, भेटायचं एकाच ठिकाणी, व्हिसाचं कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण सगळं एकदाच लिहिते, म्हणजे मागून तुकड्यातुकड्यानं विचारत बसायला नको.

आम्ही तिघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. मी भारतात, एक जर्मनीत ब्लू कार्डवर (नोकरीसाठी तिथे राहायचा परवाना), तिसरी कॅनडात वर्क परमिटवर. पासपोर्ट तिघींचेही अजून भारतीयच. दर वर्षी "यंदा भेटायचंच" असं ठरतं आणि कुणाची तरी रजा, कुणाचं परमिट नाहीतर कुणाचा तरी व्हिसा आडवा येतो. मागच्या खेपेला माझा व्हिसा नाकारला गेला (शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचा नव्हता, वेगळ्या देशाचा होता) आणि मग त्या दोघींनीही जाणं रद्द केलं. मी जा जा म्हणत होते, त्या ऐकेनात. त्यांचे पैसे गेले, रजा गेल्या आणि मला ते अजून लागून राहिलंय. म्हणून या वेळी सगळं नीट समजून घेऊनच पुढे जायचंय.

प्लॅन असा की सप्टेंबरात जर्मनीवालीच्या घरी आठवडाभर राहायचं, गप्पा मारायच्या, मग तिघींनी ट्रेननं इटलीत चारेक दिवस फिरून यायचं. मी उतरणार अ‍ॅमस्टरडॅमला कारण तिथलं विमान मला परवडतंय. आत्तापर्यंत वाचून जे कळलं ते असं की शेंगेनमध्ये आता 29 देश आहेत, व्हिसा एकच, पण अर्ज जिथे उतरतो तिथे नाही तर जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा, म्हणजे माझा जर्मनीकडे. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज घेतात आणि शेवटचा म्हणजे 15 दिवस आधी. फी 90 युरो, व्हिसा मिळाला नाही तरी परत मिळत नाही. विमा किमान 30,000 युरोचा आणि पूर्ण शेंगेनभर चालणारा हवा. इथपर्यंत बरोबर आहे ना?

आता जिथे अडलेय ते.

जर्मनीवाली म्हणते मी तुझ्यासाठी ते औपचारिक हमीपत्र करून देते, तुझा व्हिसा हमखास होईल. ते नक्की काय असतं, आणि माझा खर्च मी करू शकत असताना ते लागतं का? मला तिच्यावर असलं काही ओझं टाकायचं नाहीये. मैत्रीत पैशाचा कागद आला की नको वाटतं, पण त्याच्यावाचून व्हिसा अडणार असेल तर तसं सांगा.

दुसरं, मी फ्रीलान्सर आहे. सॅलरी स्लिप नाही, रजेचं पत्र द्यायला ऑफिस नाही. मागच्या नकारात हेच कारण असावं असा माझा अंदाज आहे, परत येईन याची त्यांना खात्री पटली नाही असं पत्रात होतं. फ्रीलान्सर लोकांनी काय काय जोडलं होतं? आणि मागचा नकार स्वतःहून सांगायचा की विचारलं तरच?

तिसरं, कॅनडावालीचं वर्क परमिट ऑगस्टात संपतंय, एक्स्टेन्शनचा अर्ज ती त्याच्या आधी करेलच. तिला वाटतंय अर्ज आत असला की झालं, जाऊन येता येतं. मला मात्र धाकधूक वाटते.

आणि शेवटचं, जे कुठल्याच वेबसाइटवर सापडणार नाही. एकीचा व्हिसा नाही झाला तर बाकीच्या दोघींनी जायचं का नाही? तुम्ही तुमच्या ग्रुपमध्ये हे आधी ठरवता का?

—

प्रतिसाद:

हमीपत्राचं मी सांगतो, मी जर्मनीतच आहे आणि पाहुण्यांसाठी केलेलं आहे. तुमच्या मैत्रिणीला तिच्या गावच्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात जाऊन पगाराचे कागद दाखवून सही करावी लागते, 29 युरो लागतात, आणि मूळ कागद तुमच्या हातात यायला हवा कारण अर्जाला ओरिजिनल लागतं. ही सही म्हणजे नुसतं "माझी मैत्रीण येतेय" असं पत्र नाही. तुमचा राहण्याखाण्याचा, आजारपणाचा, गरज पडली तर परत पाठवण्याचासुद्धा खर्च तिच्यावर येऊ शकतो आणि सरकारनं काही खर्च केला तर तो तिच्याकडून वसूल करता येतो. हमखास व्हिसा वगैरे काही नसतं, त्यानं फक्त पैशाचा प्रश्न मिटतो, परत जाण्याचा नाही. आणि तुमचा मुद्दा तर परत जाण्याचाच आहे.

स्वतःच्या खात्यात पुरेसे पैसे दिसत असतील तर साधं आमंत्रणाचं पत्र पुरतं. ओळख कशी, कधीपासून, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, राहणार कुठे, आणि सोबत तिच्या पासपोर्टची, रेसिडन्स कार्डची आणि पत्ता नोंदणीची कॉपी. फक्त खर्च कोण करणार याचं उत्तर फॉर्ममध्ये, तुमच्या पत्रात आणि तिच्या पत्रात एकच पाहिजे. तिनं प्रेमानं "सगळं मी बघेन" लिहायचं आणि तुम्ही "स्वखर्चानं" लिहायचं असं झालं की तिथेच शंका येते.

—

प्रतिसाद:

मीही फ्रीलान्सर, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही. मी लावलं होतं ते: मागच्या वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट, चालू कामांची काँट्रॅक्ट्स आणि एका क्लायंटचं पत्र की ऑक्टोबरमध्ये अमुक काम ही व्यक्ती करून देणार आहे. हे शेवटचं फार उपयोगी, कारण परत यायचं कारण त्यात तारखेसकट दिसतं. घर, आईवडील, शिक्षण चालू असेल तर ते, जे खरं असेल ते कव्हरिंग लेटरमध्ये सरळ लिहा. पत्र एक पानाचं ठेवा. अर्जाच्या तोंडावर खात्यात कुणाकडून मोठी रक्कम आणून टाकू नका, स्टेटमेंटमध्ये ती लगेच डोळ्यात भरते.

मागच्या नकाराबद्दल, जिथे विचारलंय तिथे खरंच सांगायचं, दुसरा पर्यायच नाही. यूके आणि कॅनडाच्या फॉर्मवर तर कुठल्याही देशानं नाकारलंय का असं स्पष्ट विचारतात. नकार लपवणं हे नकारापेक्षा कितीतरी महाग पडतं. आणि नकार म्हणजे बंदी नव्हे हे मनात पक्कं धरा, मागच्या पत्रातल्या कारणाला या वेळच्या कागदांत उत्तर दिसलं पाहिजे एवढंच.

अजून एक चांगली बातमी, ती तुम्हाला पुढच्या भेटींसाठी कामाची आहे. एप्रिल 2024 पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी शेंगेनचा नियम सैल झालाय. मागच्या 3 वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळून ते नियमानं वापरले असतील तर पुढचा 2 वर्षांचा मल्टिपल एंट्री, म्हणजे पुन्हा पुन्हा जाता येणारा व्हिसा मिळू शकतो, त्यानंतर पासपोर्टची मुदत असेल तर 5 वर्षांचासुद्धा. म्हणजे ही पहिली भेट नीट पार पडली की पुढचं सोपं होत जाणार.

—

प्रतिसाद:

कॅनडावाल्या मैत्रिणीला आजच फोन करा!! वर्क परमिट आणि कॅनडात परत शिरायचा व्हिसा या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि भारतीय पासपोर्टवर परत येताना तो व्हिसा चालू असावा लागतो. परमिट संपायच्या आत एक्स्टेन्शनचा अर्ज गेला तर निकाल येईपर्यंत आत राहून काम करता येतं हे बरोबर, पण ती सवलत आत असेपर्यंतच. बाहेर पडून आली तर व्हिसा असला तरी व्हिजिटर म्हणून घेतील आणि परमिट हातात येईपर्यंत काम बंद. पगाराविना किती आठवडे काढायचे याचा अंदाज कुणालाच देता येत नाही. त्यात तिला शेंगेनचा अर्ज कॅनडातूनच करायचाय, तिथे तिचं कॅनडातलं वास्तव्य चालू असल्याचा कागद मागणार, आणि परमिट तर संपलेलं. पासपोर्ट पण एका वेळी एकाच ठिकाणी असतो, शेंगेनसाठी अडकला की कॅनडाच्या व्हिसासाठी पाठवता येत नाही. माझं स्पष्ट मत, तिचं परमिट आधी हातात येऊ द्या आणि मग भेटीची तारीख धरा. सप्टेंबरऐवजी वसंतात गेलात तर काय बिघडलं.

आणि तुम्ही तिकीट शोधताना लंडनमार्गे स्वस्त दिसलं तरी थांबा. भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलासुद्धा ट्रान्झिट व्हिसा लागतो आणि साधा शेंगेन व्हिसा असला म्हणून त्यातून सुटका नाही. व्हिसा हातात येईपर्यंत फक्त रिझर्व्हेशन करा, पूर्ण पैसे भरू नका.

—

प्रतिसाद:

तिघींपैकी कुणीच राहत नाही अशा देशात भेटायचा विचार केलाय का? मॉरिशसला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही, त्यामुळे तिघींपैकी कुणी एक मागे राहायचा प्रश्न पुष्कळ कमी होतो. कॅनडाहून लांब पडेल, पण विचार करण्यासारखं आहे. परतीचं तिकीट, राहायची जागा आणि खर्चाचे पैसे एवढं दाखवायची तयारी ठेवा. कॅनडावालीच्या परत येण्याचा घोळ मात्र तिथेही तोच राहणार.

जर्मनीवाली नागरिकत्व घेणार असेल तर तेही आत्ताच विचारून ठेवा. जर्मनीनं जून 2024 पासून दुहेरी नागरिकत्वाला परवानगी दिली तरी भारत देत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि भारतात यायला तिला ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं कार्ड) नाहीतर ई-व्हिसा काढावा लागेल. मधल्या काळात कुठे जायचं ठरवू नका.

—

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. कॅनडावालीला रात्रीच फोन केला. तिचा व्हिसाही परमिटबरोबरच संपतोय, तिनं तो वेगळा बघितलाच नव्हता. सप्टेंबर रद्द. तिचं परमिट आणि व्हिसा आले की तारीख धरायची, आणि मग त्या तारखेच्या 6 महिने आधी मी अपॉइंटमेंटच्या मागे लागणार. हमीपत्र नाही करायचं, जर्मनीवालीला वरचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला. तिला थोडं वाईट वाटलं, पण पटलं. तिचा नागरिकत्वाचा अर्ज दोन वर्षं तरी नाही म्हणाली, तेव्हा तिकडून घाई नाही.

शेवटच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही म्हणून आमचं आम्ही बोललो. ठरलं असं की एकीचा व्हिसा नाही झाला तर उरलेल्या दोघींनी जायचं, आणि तिसरीनं येऊ नका म्हणायचं नाही, तसंच त्या दोघींनीही तिच्यासाठी रद्द करायचं नाही. मी हे ठासून सांगितलं कारण मागच्या वेळचं ओझं मला परत नकोय, आणि त्यांच्यावर तर मुळीच टाकायचं नाहीये. कॅनडावाली अजून हो म्हणालेली नाही, ती म्हणते तिघी नाहीतर कुणीच नाही. तिला कसं समजवावं? असं कुणाच्या ग्रुपमध्ये झालं असेल तर प्लीज लिहा, मी इथे येऊन बघत राहीन.