‘फीड एन्झाइम’साठी ‘पाचकरस’ म्हणावे का?

प्रश्न : डुकरे आणि कोंबड्या यांच्या खाद्याविषयीच्या एका माहितीपत्रकाचे मराठीकरण करताना मी ‘फीड एन्झाइम’साठी ‘पाचकरस’ आणि ‘गट हेल्थ’साठी ‘अन्ननलिकेचे आरोग्य’ असे शब्द योजले आहेत. वाचणाऱ्यांना ते कळतील का?

उत्तर : कळतील, पण चुकीचे कळतील. पाचकरस शरीर स्वतः स्रवते, आणि त्यात एन्झाइमांखेरीज आम्ल, क्षार वगैरेही असतात. खाद्यात मिसळली जाणारी एन्झाइमे मात्र बहुधा बुरशी किंवा जिवाणू यांच्याकडून तयार करून घेतलेली असतात, आणि त्यांतली महत्त्वाची अशी की ती या प्राण्यांचे शरीर बनवतच नाही किंवा अगदीच अपुरी बनवते. गव्हातील अरॅबिनोझायलॅन या तंतुमय घटकामुळे आतड्यातला घोळ चिकट होतो, पोषकद्रव्यांचे शोषण मंदावते आणि कोंबडीची विष्ठाही चिकट होते. हा घटक तोडणारे झायलनेज हे एन्झाइम कोंबडीचे शरीर तयार करत नाही. धान्यांतील सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट या संयुगामध्ये अडकलेला असतो, तो सोडवण्याचे काम फायटेज हे एन्झाइम करते. त्यांना ‘पाचकरस’ म्हटले, तर शरीराला जे जमत नाही ते बाहेरून पुरवले जाते, ही मुख्य गोष्टच निसटते.

‘विकर’ हा पाठ्यपुस्तकांतला शब्द नेमका आहे. पण ‘खाद्यातील विकरे’ घाईत ‘खाद्यातील विकार’ असे वाचले जाते, आणि आरोग्यविषयक मजकुरात तर हा घोटाळा नकोच. मी पहिल्या उल्लेखात ‘एन्झाइम, म्हणजेच विकर’ असे लिहून पुढे सर्वत्र ‘एन्झाइम’ ठेवीन. (मूळ ग्रीक अर्थ ‘यीस्टमध्ये’ असा असल्याने ‘किण्व’ शब्दाचा मोह होतो, पण त्याने वाचक थेट आंबवण्याकडे वळतो.)

‘अन्ननलिका’ मात्र बदलायलाच हवी, कारण ती घशापासून जठरापर्यंतच्या नळीचे नाव आहे. येथे विषय आतड्यांचे अस्तर आणि तिथले सूक्ष्मजीव यांचा असल्याने ‘आतड्यांचे आरोग्य’ हेच योग्य. कोंबडीच्या पेषणीचाही (दाणे दळणाऱ्या स्नायुमय जठराचाही) विचार असेल, तर ‘पचनमार्ग’ म्हणावे.

प्रश्न : मग ‘पाचक एन्झाइम’ चालेल का?

उत्तर : तो शब्द प्राण्याच्या स्वतःच्या ॲमायलेज, ट्रिप्सिन यांसाठी राखून ठेवावा. बाहेरून येणाऱ्यांना ‘खाद्यपूरक एन्झाइम’ म्हटले, तर दोन्ही एकाच वाक्यात आली तरी गल्लत होणार नाही.