जुनाट अॅसिड रिफ्लक्स: दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावी की तोंडावाटे उपचार? मदत हवी आहे

नमस्कार. माझे वय ४३ असून मी माध्यमिक शाळेत शिकवते. गेली सात वर्षे मला अॅसिड रिफ्लक्सचा, म्हणजे जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर येण्याचा त्रास आहे. आपण ज्याला सरसकट ‘पित्त’ म्हणतो, त्यात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडण्याचाही भाग असू शकतो, हे समजायलाच मला दोन-तीन वर्षे लागली आणि तोवर मी आमसुलाचे पाणी पीत राहिले.

आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोलची गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी नियमाने घेते, रात्रीचे जेवण साडेसातला उरकते आणि पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवल्या आहेत. त्यामुळे जळजळ बरीच आटोक्यात आहे. परंतु खाली वाकले किंवा रात्री कूस बदलली, की आंबट पाणी घशाशी येते, ठसका लागून जाग येते आणि सकाळी पहिल्या तासाला आवाज बसलेला असतो. गोळी आम्ल कमी करते, वर येणारे पाणी अडवत नाही, हीच माझी खरी अडचण आहे.

एंडोस्कोपीत अन्ननलिकेला ‘बी’ ग्रेडची (ए ते डी या चढत्या श्रेणीतली) सूज आणि ३ सेंटिमीटरचा हायाटस हर्निया, म्हणजे श्वासपटलातील भोकातून वर सरकलेला जठराचा भाग दिसला. गोळ्या थांबवून केलेल्या २४ तासांच्या पीएच तपासणीत ९ टक्के वेळ आम्ल वर येत होते (६ टक्क्यांच्या पुढे ते निश्चित आजाराचे लक्षण मानतात). मॅनोमेट्रीत, म्हणजे अन्ननलिकेतील दाब मोजणाऱ्या तपासणीत मात्र अन्ननलिकेची हालचाल थोडी क्षीण आढळली.

सर्जन दुर्बिणीतून फंडोप्लिकेशन सुचवत आहेत. त्यात हर्निया खाली ओढून श्वासपटलातील भोक टाक्यांनी लहान करतात आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. निसेन पद्धतीत हा वेढा पूर्ण असतो. माझी हालचाल क्षीण असल्याने गिळताना अडू नये म्हणून ते २७० अंशांची टूपे पद्धत करू म्हणतात. दुसऱ्या डॉक्टरांनी टिफ, म्हणजे पोटावर छेद न घेता तोंडावाटे झडप घडवण्याचा उपाय सांगितला. तो मला मनापासून आवडला होता, पण हर्निया २ सेंटिमीटरपेक्षा मोठा असल्यास आधी तो दुरुस्त करावा लागतो, असे वाचले. मग छेद टळतोच कुठे? रेडिओलहरींच्या उष्णतेने झडप घट्ट करण्याच्या ‘स्ट्रेटा’ उपायाचा विचार मी सोडला आहे, कारण त्याचे निष्कर्ष एकसारखे नसल्याने अमेरिकन तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याची शिफारस नाही.

गोळ्या आणि शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या युरोपातील लोटस चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्षही वाचले. आंबट पाणी वर येण्याचा त्रास गोळ्या घेणाऱ्यांपैकी १३ टक्क्यांना, तर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी केवळ २ टक्क्यांना राहिला होता. पण पोट फुगण्याची तक्रार अनुक्रमे २८ आणि ४० टक्क्यांची होती. पहिला आकडा वाचून आशा वाटते, दुसरा वाचून पाय मागे येतो.

ज्यांनी स्वतः टूपे करून घेतले आहे, त्यांनी कृपया सांगावे: भाकरी किंवा पोळी विनाअडथळा गिळता यायला किती आठवडे लागले? ढेकर सहज येते का, आणि उलटीची भावना झाली तर काय होते? सलग पाच तास वर्गात बोलणे किती दिवसांनी जमले? इथे कोणी गॅस्ट्रोसर्जन असल्यास, क्षीण हालचाल असताना टूपेनंतरही गिळण्याचा त्रास कितपत संभवतो, हे कळवावे. पुढच्या महिन्यात सर्जनांची भेट ठरली आहे आणि त्यांना नेमके काय विचारायचे, ते मला त्याआधी लिहून ठेवायचे आहे.