बीटा कॉम्प्रेशन प्रोग्रॅम आणि नवं विंडोज: बग नक्की कुणाच्या नावावर टाकायचा?

अर्धाबाइट:
मंडळी, एआरएम प्रोसेसरचा नवा लॅपटॉप आहे, त्यावर विंडोज ११. रोजच्या वापरातल्या कॉम्प्रेशन प्रोग्रॅमचा बीटा, म्हणजे अजून चाचणीत असलेली आवृत्ती, त्यावर टाकला. राइट क्लिक केलं तर प्रोग्रॅमचा मेनू दिसतच नाही, जुना मोठा मेनू उघडूनही नाही. मोठं फोल्डर झिप करायला जुन्या मशीनपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि मराठी नावांच्या फाइली झिप करून जुन्या मशीनवर उघडल्या की नावांचा पार चुथडा. आकार मात्र झकास कमी होतो, आणि प्रोग्रॅममधली 'टेस्ट' आज्ञा सगळं ठीक सांगते. हे प्रोग्रॅमवाल्यांना कळवू, की विंडोजचाच घोळ आहे? आणि बॅकअपला वापरायला हरकत नाही ना?

जुनी_फ्लॉपी:
शेवटचं आधी: हरकत आहे. बीटात बांधलेली झिप ही एकमेव प्रत असेल तर तिला बॅकअप म्हणू नका.

टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्सच्या टॅबवर 'आर्किटेक्चर' हा रकाना चालू करा आणि बीटासमोर काय लिहिलंय ते बघा. एक्स६४ (म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठीचा) असेल तर पहिल्या दोन तक्रारी एकाच झटक्यात सुटल्या. प्रोग्रॅम इम्युलेशनमध्ये, म्हणजे एआरएमसाठी भाषांतर होत होत चालतोय, म्हणून रेंगाळतो. मेनूची डीएलएल (प्रोग्रॅमचा जोडभाग) एक्सप्लोररच्या, म्हणजे फाइली दाखवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅमच्या, पोटात लोड व्हावी लागते, आणि एक्सप्लोरर एआरएम६४ चा असल्यामुळे एक्स६४ ची डीएलएल तो आत घेत नाही. यात विंडोजचा दोष नाही. एआरएम६४ चा बिल्ड (त्या प्रोसेसरसाठी बांधलेली आवृत्ती) आहे का ते विचारा. तो हाती येईपर्यंत वेगाची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

नावांचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. त्या चुथड्यात दर तिसरं चिन्ह ग्रीक अल्फा आहे का? यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची आजची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि पहिला बाइट कायम तोच. जुन्या आयबीएम पीसीच्या कोडपेज ४३७ मध्ये (कुठल्या बाइटला कुठलं चिन्ह, याचा तक्ता) त्या बाइटच्या जागी अल्फा बसलाय. झिपमध्ये प्रत्येक फाइलच्या नोंदीत 'नाव यूटीएफ-८ मध्ये आहे' असं सांगणारा एक बिट असतो, शून्यापासून मोजला तर अकरावा. नाव बरोबर लिहिलं पण बिट लावलाच नाही, की वाचणारा प्रोग्रॅम जुन्या कोडपेजने वाचतो. अल्फा दिसत असतील तर हा प्रोग्रॅमचाच बग. एक मराठी नावाची रिकामी फाइल झिप करून ती झिप तक्रारीला जोडा. शंभरेक बाइटांत काम होतं, आणि आपला खाजगी डेटाही कुणाला द्यावा लागत नाही.

'टेस्ट' आज्ञेवर विसंबू नका. झिप बांधताना प्रोग्रॅमने जो सीआरसी (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) लिहिला त्याच्याशीच ती ताळा करते. मूळ फाइल वाचतानाच गडबड झाली असेल तर चुकीच्या डेटाचा सीआरसी अगदी बरोबर जुळतो. मूळ फाइलींचा एसएचए-२५६ (मजकुरावरून निघणारा फाइलचा ठसा) आधी काढून ठेवा, झिप *दुसऱ्याच* प्रोग्रॅमने उघडा आणि मग जुळवा. ठसा काढायला विंडोजमध्ये सर्टयूटिल ही आज्ञा असतेच. आकार किती कमी झाला हे बघण्यात सगळे रमतात, पण आत टाकलं तेच बाहेर येतंय का, हे तपासायला कुणी बसत नाही.

अर्धाबाइट:
अल्फाच अल्फा! आणि रकान्यात एक्स६४. ४ जीबीच्या वरच्या फाइलींचं कसं तपासू? विंडोजच्या एफएसयूटिल या आज्ञेने ५ जीबीची कोरी फाइल केली, ती झिप झाली आणि उघडलीही.

जुनी_फ्लॉपी:
ती सगळी शून्यांची फाइल. दाबल्यावर काही एमबी उरते, म्हणजे फक्त मूळ आकाराचा रकाना ४ जीबी ओलांडतो. दाबलेला आकारही ओलांडला पाहिजे, त्यासाठी न दबणारा डेटा घ्या, एखादा लांबलचक व्हिडिओ चालेल. त्याच झिपमध्ये त्याच्यानंतर एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवा. तिची नोंद ४ जीबीच्या पलीकडे सुरू होते, आणि झिप६४ (मोठ्या फाइलींसाठीची झिपची वाढीव पद्धत) अर्धवट लिहिलेलं असेल तर ती उघडताना पकडलं जातं. ६५,५३५ पेक्षा जास्त फाइलींची एक झिपही करून बघा, ती मोजणीची जुनी मर्यादा आहे.

पेंग्विनवाली:
एक भर घालते. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर फाइलचं नाव २५५ बाइटांपर्यंतच चालतं, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं, मात्रा आणि हलंतासकट. विंडोजवर त्याहून बरंच लांब नाव चालतं. त्यामुळे 'कार्यकारिणीच्या दुसऱ्या बैठकीचं सुधारित इतिवृत्त' वगैरे नावं आणखी लांबली की लिनक्सवर उघडताना अडतात. हा बग म्हणून नोंदवू नका. पण अशी एक फाइल अडली तर बीटा बाकीच्या काढतो की सगळंच सोडून देतो, तेवढं मात्र बघा आणि इथे लिहा.